नाम आणि रूप : जपानी-अमेरिकन बौद्धांचे सक्तीचे स्थलांतर आणि छायाचित्रांची साक्ष

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपण सामान्यतः शिलालेख, नाणी, हस्तलिखिते आणि प्रवासवर्णने यांचा उल्लेख करतो. बौद्ध विद्येच्या अभ्यासकाला लेण्यांतील व स्तूपांवरील दानलेखांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. सांची, कार्ले, जुन्नर येथील लेखांतून कोणी भिक्खुणी, कोणी व्यापारी, कोणी यवन आपले नाव सांगतो, पुष्कळदा आपले गावही सांगतो. त्यावरून तो माणूस कोठून निघाला आणि कोठे येऊन पोहोचला याचा आपणास बोध होतो. त्या दात्यांचे चेहरे मात्र आपणास कधीच दिसणार नाहीत. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि स्थलांतराच्या इतिहासाला एक नवे साधन मिळाले. या साधनाचा दोष नेमका उलटा आहे. शिलालेखात नाव असते पण चेहरा नसतो. छायाचित्रात चेहरा असतो पण पुष्कळदा नाव नसते.

प्रस्तुत लेखात या साधनाची परीक्षा एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे करावयाची आहे. ते उदाहरण म्हणजे १९४२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांचे शासनाने केलेले सक्तीचे स्थलांतर होय. या लोकांपैकी दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते आणि निम्म्याहून अधिक बौद्ध होते. या घटनेची छायाचित्रे शासनाने स्वतः काढविली, त्यांतील पुष्कळशी शासनानेच दाबून ठेवली, आणि ज्यांना हलविण्यात आले त्यांच्या हातांतून कॅमेरे आधीच काढून घेतले. साक्षीदार कोण, साक्ष कोणाची आणि ती कोणाच्या ताब्यात, हे तीनही प्रश्न येथे एकाच वेळी उभे राहतात.

१. छायाचित्रावरून ठरलेले प्रस्थान

जपानी मजुरांचे हवाई बेटांकडे मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर १८८५ पासून सुरू झाले. तेथील उसाच्या मळ्यांतून आणि पुढे थेट जपानमधून कॅलिफोर्नियाच्या शेतांत माणसे येऊ लागली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झालेली असल्याने मळेवाल्यांना नवे हात हवेच होते. या माणसांच्या मागोमाग धम्मही गेला. सप्टेंबर १८९९ मध्ये शुये सोनोदा आणि काकुर्‍यो निशिजिमा हे जोडो शिन्शू संप्रदायाचे दोन धम्मोपदेशक सॅन फ्रान्सिस्को येथे उतरले. अमिताभ बुद्धाच्या श्रद्धेवर उभा असलेला हा महायान संप्रदाय आहे. त्यातील धम्मोपदेशक गृहस्थाश्रमी असतात. आपल्या पालि परंपरेहून तो पुष्कळ भिन्न असला तरी परक्या भूमीत विहार हाच समाजाचा आधार असतो, हे त्याच्या इतिहासातही दिसून येते.

१९०७-०८ च्या उभयपक्षी समजुतीनुसार जपानने अमेरिकेकडे नवे मजूर पाठविणे थांबविले; तथापि आधीच गेलेल्यांच्या पत्नींना जाण्याची मुभा राहिली. यातून 'छायाचित्र-वधू' ही प्रथा रूढ झाली. अमेरिकेतील मजूर आपले छायाचित्र गावी पाठवी, गावाकडून मुलीचे छायाचित्र येई, वडीलधारी मंडळी विवाह ठरवीत, वराच्या अनुपस्थितीतच त्याची नोंद होई आणि वधू आगबोटीत बसे. हजारो स्त्रिया अशा रीतीने आल्या. बोट धक्क्याला लागली की हातांतील छायाचित्राशी समोरच्या पुरुषांचे चेहरे ताडून पाहात त्या उभ्या राहात. अनेकांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे छायाचित्र पाठविलेले असे. कोणी उसना सूट घातलेला असे. १९२० साली जपानने ही प्रथा बंद केली. स्थलांतराची नोंद करणारे छायाचित्र येथे प्रथम स्थलांतराचे कारण झाले होते, आणि ते खोटेही बोलू शकते याचा अनुभव सर्वांआधी या स्त्रियांनी घेतला होता.

या लोकांना अमेरिकेत नागरिकत्व मिळत नव्हते. तेथील कायद्याने गोऱ्या वर्णाच्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येत असे. कॅलिफोर्नियाने १९१३ साली, नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेता येणार नाही, असा कायदा केला. १९२२ साली ताकाओ ओझावा यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थांचा दावाही फेटाळला गेला. थिंड यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. आपण उच्च जातीचे, आर्य वंशाचे आहोत, सबब गोऱ्यांत गणले जावे, असे त्यात प्रतिपादन होते. जातीचा अभिमान समुद्र ओलांडून न्यायालयापर्यंत गेला, पण न्यायालयाने त्यास किंमत दिली नाही. १९२४ च्या कायद्याने तर जपानमधून होणारे स्थलांतरच बंद केले. १९४२ ची घटना समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी आवश्यक आहे. ती घटना केवळ युद्धाच्या भीतीतून अकस्मात उद्भवली नव्हती. तिची तयारी चाळीस वर्षे चालू होती.

२. निपोमो येथील माता

१९४२ च्या छायाचित्रांकडे वळण्यापूर्वी ती काढणाऱ्या व्यक्तीचा परिचय करून घेणे इष्ट होईल. डोरोथिया लँग (१८९५-१९६५) यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढण्याचे दुकान होते. महामंदीच्या काळात त्या रस्त्यावर उतरल्या. १९३५ पासून त्या शेतमजुरांच्या पुनर्वसनासाठी स्थापन झालेल्या शासकीय विभागात काम करू लागल्या; हाच विभाग पुढे १९३७ मध्ये शेती-सुरक्षा विभाग म्हणून ओळखला जाऊ लागला. रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली या विभागाने जमविलेली सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह आज वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. स्थलांतरित मजुरांचा एवढा मोठा चित्रसंग्रह त्यापूर्वी कोणत्याही शासनाने केल्याचे दिसत नाही.

१९३६ च्या आरंभी कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर लँग यांनी एका स्त्रीची काही छायाचित्रे काढली. पीक थंडीने गेले होते आणि मजूर उपाशी होते. गालाला हात लावून दूरवर पाहणारी आई, तिच्या दोन्ही खांद्यांवर तोंड लपविलेली दोन मुले आणि मांडीवरचे तान्हे मूल, असे ते चित्र 'स्थलांतरित माता' या नावाने जगभर गेले. वृत्तपत्रात वृत्तांत येताच शासनाने त्या तळाकडे वीस हजार पौंड अन्नधान्य रवाना केले. छायाचित्राने काही साध्य होते काय, या प्रश्नाचे हे उत्तर नेहमी दिले जाते.

परंतु या उत्तराला दुसरी बाजू आहे. लँग यांनी त्या स्त्रीचे नावच नोंदविले नव्हते. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १९७८ साली, एका स्थानिक वृत्तपत्राने तिला शोधून काढले. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. ती आदिवासी चेरोकी वंशाची होती. धुळीच्या वादळांनी ओसाड झालेल्या प्रदेशातून पळून आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांचे प्रतीक म्हणून जग तिच्याकडे पाहात होते. वस्तुतः तिचे कुटुंब त्या वादळांपूर्वीच, १९२० च्या दशकात, कॅलिफोर्नियात आले होते. या चित्रातून आपणास एक पैसाही मिळाला नाही, ते काढलेच नसते तर बरे झाले असते, अशी तिची भावना होती. अन्नधान्य तळावर पोहोचले तेव्हा ते कुटुंब तेथून पुढे गेलेले होते. चित्र खरे होते. चित्राखाली जी कथा लिहिली गेली ती अर्धवट होती.

३. आदेश आणि कॅमेराबंदी

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच दिवशी जपानी समाजातील प्रमुख व्यक्तींची धरपकड सुरू झाली. आधीच तयार असलेल्या याद्यांमध्ये जपानी भाषेचे शिक्षक होते, व्यापारी संघांचे पदाधिकारी होते आणि बौद्ध धम्मोपदेशकही होते. बौद्ध असणे हीच संशयाची खूण मानली गेली. अनेक कुटुंबांनी घरातील जपानी पुस्तके, पत्रे, बाहुल्या, सूत्रग्रंथ आणि छायाचित्रे स्वतःच्या हातांनी जाळली वा परसात पुरली. बौद्ध साहित्याच्या इतिहासात ग्रंथदहनाचे प्रसंग आपणास ठाऊक आहेत. परंतु धम्मावर श्रद्धा असणाऱ्यांनीच भीतीपोटी सूत्रे चुलीत घालावीत, हा प्रसंग त्याहून वेदनादायक म्हटला पाहिजे.

जपानी नागरिकांनी आपल्याजवळील लघुलहरी रेडिओ व कॅमेरे पोलिसांकडे जमा करावेत असा हुकूम त्याच महिन्यात निघाला. पुढे छावण्यांतही सुरुवातीला कॅमेरा बाळगण्यास मनाई होती. ज्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठी उलथापालथ घडत होती, त्यांना ती टिपण्याचा अधिकार नव्हता. घर सोडतानाचे, विहाराला कुलूप लावतानाचे, कुत्र्याला शेजाऱ्याच्या हवाली करतानाचे छायाचित्र त्या घरातील माणसाला काढता आले नाही. आज त्या दिवसांची जी चित्रे उपलब्ध आहेत त्यांपैकी बहुतेक बाहेरच्या माणसांनी काढलेली आहेत, याचे कारण हे आहे.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर स्वाक्षरी केली. आदेशात जपानी लोकांचे नावही नव्हते. सैन्याला कोणत्याही प्रदेशातून कोणालाही हलविण्याचा अधिकार दिलेला होता एवढेच. अंमलबजावणी मात्र संपूर्ण समाजाच्या वाट्याला आली ती जपानी वंशाच्याच. लोकांना सामानाची विल्हेवाट लावण्यास काही दिवसांची मुदत मिळे आणि हातांत मावेल तेवढेच बरोबर नेता येई. उरलेले सामान पुष्कळांनी विहारांत ठेवले. प्रथम त्यांना घोड्यांच्या शर्यतीची मैदाने व जत्रेची पटांगणे येथे ठेवण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोजवळील टॅनफोरान आणि लॉस एंजेलिसजवळील सांता अनिता येथे अनेक कुटुंबांच्या वाट्याला घोड्यांचे तबेले आले. त्यानंतर वाळवंटी व ओसाड भागांत उभारलेल्या दहा छावण्यांत त्यांची रवानगी झाली.

४. जप्त केलेली साक्ष

या स्थलांतराची व्यवस्था पाहण्यासाठी मार्च १९४२ मध्ये युद्ध-पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने लँग यांना छायाचित्रकार म्हणून नेमले. सर्व काही माणुसकीने व शिस्तीने पार पडत आहे याची नोंद व्हावी, असा शासनाचा हेतू असावा. लँग आणि त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर, हे दोघेही या स्थलांतराच्या विरुद्ध होते. तरीही त्यांनी काम पत्करले. चार-पाच महिन्यांत त्यांनी आठशेहून अधिक छायाचित्रे काढली. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि शस्त्रधारी शिपाई यांचे चित्र घेण्यास त्यांना मनाई होती.

या मनाईत राहून लँग यांनी काय टिपले ते पाहण्यासारखे आहे. ओकलंड येथील एका किराणा दुकानावर मोठ्या अक्षरांत 'मी अमेरिकन आहे' अशी पाटी लावलेली त्यांच्या चित्रात दिसते. दुकानाचा मालक कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर होता आणि पर्ल हार्बरच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ती पाटी लावली होती; मार्च १९४२ मध्ये चित्र काढले तेव्हा दुकान बंद झालेले होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत लहान मुली छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाला निष्ठेची शपथ देत आहेत. त्यांपैकी काही थोड्याच दिवसांत छावणीत जावयाच्या होत्या. मे महिन्यात हेवर्ड येथे एक कुटुंब बसची वाट पाहात उभे आहे. आईवडील व मुले, सर्वांनी चांगले कपडे घातले आहेत, आणि प्रत्येकाच्या कोटावर, सामानाला बांधतात तशी, कुटुंबाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी लटकत आहे. यांपैकी एकाही चित्रात काटेरी तार नाही. ती दाखविण्याची आवश्यकताच उरलेली नाही.

सैन्याच्या अधिकाऱ्यांना हे कळले. लँग यांच्याकडून सर्व निगेटिव्ह व प्रती घेण्यात आल्या आणि काही प्रतींवर अधिकाऱ्यांनी हाताने 'जप्त' असा शेरा मारला. १९४२ च्या उन्हाळ्यातच त्यांचे काम संपुष्टात आले. युद्ध संपेपर्यंत ही चित्रे लोकांपुढे आली नाहीत. पुढे ती राष्ट्रीय अभिलेखागारात शांतपणे जमा झाली. १९७२ साली आदेशाच्याच नावाने भरलेल्या एका प्रदर्शनात त्यांतील काही लोकांनी पाहिली, आणि संग्रहाचा मोठा भाग ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास २००६ साल उजाडावे लागले. तोपर्यंत लँग यांना जाऊन चाळीस वर्षे झाली होती.

येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या विभागासाठी त्यांनी 'स्थलांतरित माता' हे चित्र काढले तेही शासन, आणि ज्याने १९४२ ची चित्रे दाबली तेही शासन. मग एक चित्र जगभर का पोहोचले आणि दुसरे तळघरात का पडून राहिले? पहिल्या स्थलांतराला दुष्काळ व मंदी जबाबदार होती, शासन मदतकर्त्याच्या भूमिकेत होते. दुसऱ्या स्थलांतराचा कर्ता शासनच होते. दुःखाचे चित्र प्रसिद्ध करण्यास सत्तेचा विरोध नसतो. त्या चित्रातून दुःखसमुदय, म्हणजे दुःखाचे कारण, दिसू लागले की विरोध सुरू होतो.

५. कुंपणाच्या आतील कॅमेरा

कॅलिफोर्नियाच्या ओवेन्स खोऱ्यात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी मान्झनार ही छावणी होती. तेथे एका वेळी दहा हजारांहून अधिक लोक राहात. त्यांच्यात टोयो मियाताके (१८९५-१९७९) हे छायाचित्रकार होते. ते १९०९ साली जपानमधून आले होते आणि १९२३ पासून लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो या वस्तीत त्यांचा स्टुडिओ होता. छावणीत येताना त्यांनी एक भिंग आणि फिल्म धरण्याची चौकट सामानात लपवून आणली. तेथील एका सुताराने लाकडाची पेटी करून दिली. नळाच्या आट्यांचा उपयोग करून भिंग पुढे-मागे सरकविण्याची सोय झाली. वरवर पाहता ती जेवणाच्या डब्यासारखी दिसे. छायाचित्रकार म्हणून आपले कर्तव्य आहे की हे सर्व नोंदवून ठेवावे, म्हणजे असे पुन्हा घडू नये, असे त्यांनी आपल्या मुलाला सांगितले होते.

काही महिन्यांनी ही गोष्ट उघडकीस आली. छावणीचे संचालक राल्फ मेरिट यांनी त्यांना शिक्षा केली नाही. मात्र प्रथम अशी अट घातली गेली की मियाताके यांनी कॅमेरा लावावा, प्रकाश व अंतर पाहावे आणि प्रत्यक्ष खटका गोऱ्या माणसाने दाबावा. ही अट हास्यास्पद वाटते, परंतु तिच्यामागील कल्पना आपल्या समाजाला अपरिचित नाही. काम कोणीही करावे, पण त्यावरील अधिकाराचा हात विशिष्ट माणसाचाच असावा! कालांतराने ही अट गळून पडली आणि मियाताके छावणीचे अधिकृत छायाचित्रकार झाले. त्यांनी सुमारे दीड हजार चित्रे काढली. विवाह, बारसे, अंत्यविधी, शाळेचे वार्षिक, बेसबॉलचे सामने, तांदळाचे 'मोची' कुटण्याचा प्रसंग हे सर्व त्यांत आहे. काटेरी तारेजवळ उभी असलेली तीन मुले आणि मागे पहाऱ्याचा मनोरा, हे १९४४ च्या सुमारास काढलेले त्यांचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. लँग यांना जे दाखविण्यास बंदी होती तेच येथे आले आहे.

१९४३ च्या शरद ऋतूत निसर्गचित्रांसाठी प्रसिद्ध असलेले अॅन्सल अॅडम्स मेरिट यांच्या निमंत्रणावरून मान्झनारला आले. त्यांनी लोकांचे हसरे, उजळ चेहरे अगदी जवळून टिपले. त्यांची शेती, शाळा, वृत्तपत्र यांची चित्रे घेतली. १९४४ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले व न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनही भरले. हे लोक एकनिष्ठ नागरिक आहेत हे इतर अमेरिकनांना पटवून देणे हा त्यांचा हेतू होता. लँग यांना ही पद्धत फार सौम्य वाटली. तथापि युद्ध चालू असताना असे पुस्तक काढण्यास धैर्य लागते, हेही मान्य केले पाहिजे. अॅडम्स यांच्या संग्रहातील दोन चित्रे बौद्ध वाचकांना जवळची वाटतील. एकात हिवाळ्यातील बर्फात लोक बौद्ध विहारातून बाहेर पडत आहेत. तो विहार म्हणजे डांबरी कागद ठोकलेली एक साधी बराक आहे. दुसरे चित्र आहे दफनभूमीतील स्तंभाचे.

उदान ग्रंथातील जन्मांध माणसे व हत्ती यांची कथा सर्वपरिचित आहे. त्या कथेतील प्रत्येकाच्या हाताला लागलेला अवयव खरा असतो. चूक होते ती 'हत्ती एवढाच' असे म्हणण्यात. या तिघांच्या चित्रांबद्दल हेच म्हणता येईल. लँग यांना अन्याय दिसला, अॅडम्स यांना माणसाची प्रतिष्ठा दिसली. मियाताके यांना दोन्ही दिसत होते, शिवाय तेथे राहावेही लागत होते. त्यामुळे लग्नाचे व बारशाचे चित्र त्यांना अन्यायाच्या चित्राइतकेच आवश्यक वाटले.

६. मान्झनारचा स्तंभ आणि एक दैनंदिनी

मान्झनार येथे सुमारे दीडशे माणसे मृत्यू पावली. ऑगस्ट १९४३ मध्ये दफनभूमीत एक शुभ्र स्तंभ उभारण्यात आला. तो बांधणारे र्‍योझो कादो हे गवंडी कॅथलिक ख्रिस्ती होते, आणि त्यावरील 'इरेइतो', म्हणजे मृतांच्या चित्ताला सांत्वन देणारा स्तंभ, ही तीन चिनी-जपानी अक्षरे शिंजो नागातोमी या बौद्ध धम्मोपदेशकांनी लिहिली. छावणी नोव्हेंबर १९४५ मध्ये बंद झाली. लोकांना २५ डॉलर आणि रेल्वेचे तिकीट देऊन निरोप देण्यात आला. ज्यांची घरे गेली होती त्यांच्यासाठी अनेक विहार तात्पुरती वसतिगृहे झाले. बराकी मोडून विकल्या गेल्या. स्तंभ तेवढा राहिला. सेंतोकू मायेदा हे बौद्ध आणि शोइची वाकाहिरो हे ख्रिस्ती, असे दोन धर्मोपदेशक १९४५ पासून दरवर्षी तेथे जाऊन प्रार्थना करीत. १९६९ मध्ये तरुणांनी 'पहिली' यात्रा काढली तेव्हा त्यांना कळले की या दोघांची ती पंचविसावी खेप होती.

शिंजो नागातोमी यांचे पुत्र मासातोशी नागातोमी (१९२६-२०००) हे हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध विद्येचे प्राध्यापक होते. धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिकावर त्यांनी १९५७ साली प्रबंध लिहिला. त्यांच्या निधनानंतर त्यांचे शिष्य डंकन र्‍युकेन विल्यम्स कागदपत्रे लावीत असता शिंजो यांनी छावणीत लिहिलेली दैनंदिनी व प्रवचनांची टिपणे त्यांच्या हाती आली. गुरूंच्या वडिलांच्या त्या हस्तलिखितातून विल्यम्स यांचे संशोधन सुरू झाले आणि २०१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. छावणीतील बौद्धांनी लाकडाच्या तुकड्यांतून घरगुती देव्हारे कसे घडविले, बुद्धजयंती कशी साजरी केली, आपली श्रद्धा हीच आपल्या नागरिकत्वाच्या आड येत असताना ती का सोडली नाही, याचा वृत्तांत त्यामुळे समोर आला. अॅडम्स यांच्या चित्रात विहारातून बाहेर पडणारी माणसे दिसतात. आत त्यांनी काय ऐकले ते या टिपणांमुळे कळू लागते.

अमेरिकन शासनाने १९८८ च्या कायद्याने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले. मान्झनार १९९२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय उघडले ते १९२५ च्या निशी होंगवानजी विहाराच्या इमारतीत. १९४२ साली याच विहारात लोकांनी सामान ठेवले होते आणि याच विहारासमोरून ते बसमध्ये चढले होते. आज त्या परिसरात मियाताके यांच्या कॅमेऱ्याची ब्राँझमधील प्रतिकृती उभी आहे.

७. उपसंहार

मासातोशी नागातोमी ज्या प्रमाणशास्त्राचे अभ्यासक होते त्याचा येथे उपयोग होतो. दिङ्नाग व धर्मकीर्ती यांच्या मते प्रत्यक्ष हे कल्पनापोढ, म्हणजे नाव, जाती इत्यादींच्या योजनेपासून मुक्त असते. छायाचित्र हे यंत्राने घेतलेले प्रत्यक्ष आहे असे आपण सहज समजतो. परंतु कोणाला चौकटीत घ्यावे, काय वगळावे, खाली काय लिहावे आणि कोणत्या कपाटात ठेवावे, येथे पावलोपावली कल्पना आहे. निपोमोच्या मातेवर एक जाती आरोपित झाली जी तिची नव्हती. हेवर्डच्या मुलांच्या कोटावर नावाऐवजी क्रमांक आला. म्हणून छायाचित्र हे प्रमाण ठरावे यासाठी त्याच्या जोडीला दुसरी साक्ष लागते : माणसाचे नाव, त्याने स्वतः लिहिलेले टिपण, त्याच्या नातवंडांची आठवण. नाम आणि रूप एकमेकांच्या आश्रयाने उभी राहतात हे तथागतांचे विवेचन इतिहासाच्या साधनांनाही लागू पडते असे म्हणावयास हरकत नाही.

२०२२ साली विल्यम्स यांच्या पुढाकाराने 'इरेइचो' नावाचा एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात छावण्यांत डांबलेल्या १,२५,२८४ व्यक्तींची नावे आहेत. तोपर्यंत या लोकांची एकत्रित संपूर्ण यादीच नव्हती. ग्रंथांतून 'सुमारे १,२०,०००' असेच लिहिले जाई, या लेखाच्या आरंभीही तसेच लिहिले आहे. संग्रहालयात वंशज आले, त्यांनी आपल्या आजीचे, आजोबांचे नाव शोधले आणि त्या नावाखाली मानाचा शिक्का उमटवला. लँग यांच्या चित्रांतील निनावी चेहऱ्यांना ऐंशी वर्षांनी मिळालेली ही दुसरी बाजू होय.

आपल्याकडेही घरोघरी ट्रंकेच्या तळाशी जुनी छायाचित्रे आहेत. गाव सोडून गिरणीत, रेल्वेत, गोदीत, लष्करात गेलेल्या माणसाने शहरातल्या स्टुडिओत उभे राहून काढलेले पहिले चित्र त्यांत असते. त्यातील माणसाला ओळखणारी शेवटची व्यक्ती अद्याप आपल्यात आहे, तोवर त्या चित्रामागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. विहारांनी अशा चित्रांच्या नोंदी कराव्यात. कार्ले येथील दात्याने दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर आपले नाव व गाव कोरून ठेवले म्हणून तो आज आपणास भेटतो. आपल्या आजोबांसाठी तेवढे करणे आपल्या हाती आहे.